चिकित्सक आवृत्ती कशी तयार होते? महाभारताच्या पोथ्या आणि नकलांमधल्या चुका

व्यास सांगत गेले आणि गणपती लिहीत गेला, ही कथा महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या, म्हणजे अनेक पोथ्या ताडून पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढलेल्या आवृत्तीच्या, मुख्य संहितेत नाही. एवढ्या एका वाक्यावरून समाजमाध्यमांवर नेमाने भांडणं होतात. एक बाजू म्हणते, भांडारकर संस्थेने कथा खोटी ठरवली. दुसरी विचारते, ती उडवायचा अधिकार यांना दिला कुणी? प्रत्यक्षात कथा कुणी उडवलेली नाही. आदिपर्वाच्या खंडात, परिशिष्ट १ मध्ये, पहिल्याच क्रमांकावर ती छापलेली आहे, कोणकोणत्या पोथ्यांत सापडते त्या नोंदीसकट. मुख्य मजकुरातून ती तिकडे का गेली हे कळायचं तर पोथ्या एकमेकींशी कशा ताडून पाहतात ते बघावं लागतं. काम अतिशय किचकट आहे, पण त्यामागचा तर्क तसा सरळ आहे.

नक्कल करताना काय बिघडतं

छापखाने येण्यापूर्वी ग्रंथाची प्रत हवी असेल तर समोर एक पोथी ठेवून दुसरी लिहून काढायची. लिहिणारा समोरच्या पोथीकडे बघतो, पाच-सात अक्षरं मनात धरतो, मान वळवून लिहितो, पुन्हा पोथीकडे बघतो. या प्रत्येक टप्प्यावर चूक शिरू शकते आणि चुकांचे प्रकार बऱ्यापैकी ठरलेले असतात.

पहिला प्रकार वाचण्यातला. देवनागरीत घ-ध, भ-म, प-य, थ-य यांची गल्लत नेहमीची. जुन्या वळणाचा ख 'रव' असा वाचला जातो. काश्मीरच्या शारदा लिपीत म आणि स फार सारखे दिसतात, त्यामुळे तिच्यातून देवनागरीत उतरवलेल्या पोथीत या दोघांचा घोटाळा होतो. मुरलेला अभ्यासक अशा चुकांवरून देवनागरी पोथीचा उगम कोणत्या लिपीत आहे ते ओळखतो. एकजण वाचून दाखवतोय आणि दुसरा लिहितोय अशी सोय असेल तर श-ष-स आणि न-ण यांची अदलाबदल वाढते.

दुसरा प्रकार नजर परत येण्यातला. एकच शब्द जवळजवळ दोनदा आला असेल, तर नजर पहिल्याऐवजी दुसऱ्यावर पडते आणि मधला मजकूर गळतो. उलट झालं तर तोच मजकूर दोनदा लिहिला जातो. शिवाय पोथीची पानं सुटी असतात. एखादं पत्र हरवलं किंवा मागेपुढे लागलं, तर नकलाकार पुष्कळदा तसाच पुढे लिहीत सुटतो.

या नकळत झालेल्या चुका. संपादकाला खरा त्रास होतो तो चांगल्या हेतूने, समजून-उमजून केलेल्या बदलांचा. महाभारताच्या भाषेत पाणिनीच्या नियमांत न बसणारी 'आर्ष' रूपं भरपूर आहेत. व्याकरण शिकलेला लेखनिक ती दुरुस्त करतो. चरणात अक्षर जास्त झालं असेल तर वृत्त नीट बसवतो. अवघड शब्द काढून ओळखीचा घालतो. पानाच्या कडेला कुणी स्पष्टीकरणाचा श्लोक लिहून ठेवलेला असतो आणि पुढच्या नकलेत तो आत येतो. त्यात लेखनिकाचाही फारसा दोष नाही, कारण गळलेला श्लोकही कडेलाच लिहायची पद्धत होती. कडेचा कुठला श्लोक गळलेला आणि कुठला वरून जोडलेला, हे त्याला कळणार कसं?

मतमोजणी का चालत नाही

आता एक लहान कृत्रिम उदाहरण. मूळ प्रत नष्ट झालेली आहे आणि हाती पाच नकला आहेत.

पहिली: राजा वनात गेला. वनात त्याला वृद्ध मुनी भेटले. मुनींनी फळे दिली.
दुसरी: राजा वनात गेला. वनात त्याला सिद्ध मुनी भेटले. मुनींनी त्याला फळे दिली.
तिसरी: राजा वनात त्याला वृद्ध मुनी भेटले. मुनींनी त्याला फळे दिली.
चौथी: राजा वनात त्याला वृद्ध मुनी भेटले. मुनींनी त्याला फुले दिली.
पाचवी: राजाला वनात वृद्ध मुनी भेटले. मुनींनी त्याला गोड फळे दिली.

वाचायला सगळ्यांत गुळगुळीत पाचवी आहे. बहुमत घ्यायचं तर 'गेला' हा शब्द पाचांपैकी तिघींत नाही, म्हणजे तो मुळात नव्हता असं ठरेल. दोन्ही निष्कर्ष चुकीचे. तिसरी आणि चौथी पाहा: 'राजा वनात त्याला मुनी भेटले' हे वाक्यच जुळत नाही. पहिल्या 'वनात'वरून नजर दुसऱ्या 'वनात'वर घसरली आणि मधले शब्द गळले. पाचवीच्या लेखनिकासमोर हेच मोडकं वाक्य होतं. त्याने 'राजा'चा 'राजाला' केला, 'त्याला' काढला आणि वाक्य सावरलं. म्हणजे तिसरी, चौथी आणि पाचवी या तिघी एकाच सदोष प्रतीच्या लेकी आहेत. तिघींची साक्ष मिळून एकच धरायची.

आता साक्षीदार तीन उरले: पहिली, दुसरी आणि त्या तिघींची हरवलेली आई. 'वृद्ध' की 'सिद्ध'? दोन विरुद्ध एक, म्हणून 'वृद्ध'. 'फुले' फक्त चौथीत, 'गोड' फक्त पाचवीत, 'त्याला' गळलेला फक्त पहिलीत. ही एकेकटीची भर किंवा चूक बाजूला काढली की वाक्य पूर्ण तयार होतं: 'राजा वनात गेला. वनात त्याला वृद्ध मुनी भेटले. मुनींनी त्याला फळे दिली.' हे वाक्य पाचांपैकी एकाही नकलेत जसंच्या तसं नाही, तरी ते पाचांवरूनच मिळालं.

यातला सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत जास्त विसरला जाणारा नियम असा की नातं ठरतं ते सामाईक चुकांवरून. पहिली आणि दुसरी या दोघींत 'वनात गेला' हे शब्द शाबूत आहेत, म्हणून त्या सख्ख्या बहिणी ठरत नाहीत. मूळ पाठ, म्हणजे मुळातली शब्दरचना, कुणीही जपू शकतं. तीच चूक दोघांच्या हातून झाली, तर मात्र ती एकाच जागेहून आली असण्याची शक्यता मोठी.

मोठी, पण पक्की नव्हे. नजर घसरणं किंवा 'फळे'चं 'फुले' होणं दोन गावांतल्या दोन लेखनिकांच्या हातून स्वतंत्रपणेही होऊ शकतं. त्यामुळे एका चुकीवर कुणी नातं लावत नाही. चुकांचा जुडगा लागतो. जोडलेले श्लोक हा त्याहून भक्कम पुरावा. वीस श्लोकांचं तेच वर्णन, त्याच शब्दांत, त्याच जागी, दोघांना वेगवेगळं सुचत नसतं.

पुण्यातलं काम

महाभारताची अशी आवृत्ती हवी, ही मागणी युरोपातले संस्कृतचे अभ्यासक मॉरिझ विंटरनिट्झ यांनी १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मांडली. जर्मन संस्कृतज्ञ हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये एक नमुनाही छापला, पण पहिल्या महायुद्धात युरोपातली योजना बारगळली. पुण्यात १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालं, औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि १ एप्रिल १९१९ रोजी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते काम सुरू झालं. नारायण बापूजी उतगीकरांनी १९२३ मध्ये विराटपर्वाची कच्ची आवृत्ती काढून ती विद्वानांपुढे अभिप्रायासाठी ठेवली. १९२५ पासून सूत्रं विष्णु सीताराम सुखठणकरांकडे आली. ते केंब्रिजला गणित शिकले आणि बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृत. आदिपर्वाच्या खंडाला त्यांनी जोडलेली दीर्घ प्रस्तावना वाचताना त्यांच्यातला गणिती वारंवार जाणवतो.

त्या प्रस्तावनेतले आकडे बघण्यासारखे आहेत. एकट्या आदिपर्वाच्या २३५ पोथ्यांची माहिती जमा झाली. लिपीनुसार त्या अशा: देवनागरी १०७, बंगाली ३२, ग्रंथ (तमिळ प्रदेशात संस्कृत लिहायची लिपी) ३१, तेलुगू २८, मल्याळम २६, नेपाळी ५, शारदा ३ आणि मैथिली, कन्नड, नंदिनागरी प्रत्येकी १. त्यांतल्या सुमारे ७० पूर्णतः किंवा अंशतः तपासल्या आणि प्रत्यक्ष पाठ ठरवताना ६० वापरल्या. पोथ्यांची निवड लिपीकडे बघून झाली, कारण महाभारताच्या बाबतीत लिपी आणि पाठपरंपरा बऱ्याच अंशी हातात हात घालून जातात. बंगाली लिपीतली पोथी बंगालच्या परंपरेची, मल्याळम लिपीतली केरळच्या. अपवाद देवनागरीचा. ती सगळीकडे वाचली जायची, त्यामुळे देवनागरी पोथ्यांत सगळ्या प्रांतांचे पाठ मिसळलेले. संख्येने सगळ्यांत मोठा हा गट पुराव्याच्या दृष्टीने मात्र सगळ्यांत बेभरवशाचा निघाला.

पाठ मिळवण्याचं, म्हणजे पोथ्या अक्षरशः ताडून फरक टिपण्याचं, काम चौकटी आखलेल्या मोठ्या कागदांवर चालायचं. प्रमाण म्हणून धरलेल्या छापील प्रतीतला श्लोक वरच्या ओळीत, एका चौकटीत एक अक्षर अशा बेताने लिहायचा. खाली एकेका पोथीला एकेक आडवी ओळ. पोथीतलं अक्षर वरच्यासारखंच असेल तर चौकट कोरी ठेवायची, वेगळं असेल तर तेवढंच लिहायचं. जास्तीचे श्लोक वेगळे उतरवून घ्यायचे. असं केलं की उभ्या रांगेवरून नजर फिरवताच कोणत्या अक्षराशी कोणत्या पोथ्या फुटल्या ते दिसतं. बंगाली पोथ्यांचं हे काम शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत आणि दक्षिणेकडच्या पोथ्यांचं तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही झालं.

ऐकायला सोपं वाटतं, पण कोणत्याही ग्रंथाचं असं काम फसतं ते याच पायरीवर. कोऱ्या चौकटीचा अर्थ 'पाठ सारखा' असा असतो. पण पोथीचं पानच गहाळ असेल किंवा मिळवणाऱ्याची नजर घसरली असेल, तरी चौकट कोरीच राहते. म्हणून गहाळ पत्रं, वाळवीने खाल्लेल्या जागा, हरताळ (पिवळा रंग) लावून मिटवलेली अक्षरं आणि मागाहून दुसऱ्या हाताने केलेल्या दुरुस्त्या यांच्या खुणा सुरुवातीपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. मिटवलेल्या अक्षराखाली आधी काय होतं आणि वर काय लिहिलं, या दोन स्वतंत्र साक्षी असतात. त्या एकत्र केल्या की पुढचा सगळा हिशेब बिघडतो. आणि ज्याने पाठ मिळवले त्यानेच ते तपासले, तर त्याची चूक त्याला पुन्हा दिसत नाही.

वंशवृक्ष का लागला नाही

आपल्या पाच नकलांचं झाड पटकन लागलं, कारण प्रत्येक नक्कल एकाच प्रतीवरून उतरवलेली होती. महाभारताचं तसं झालं नाही. तीर्थयात्रेत, मठात, राजदरबारात पोथ्या एकमेकींना भेटत राहिल्या. एका प्रतीवरून लिहायचं आणि दुसरीवरून दुरुस्त करायचं, दुसऱ्या प्रांताच्या पोथीत जास्तीचं आख्यान दिसलं तर उतरवून घ्यायचं, हे सर्रास चाले. सतराव्या शतकातला टीकाकार नीलकंठ चतुर्धर हे तर उघडपणे सांगतो: 'बहून् समाहृत्य विभिन्नदेश्यान् कोशान् विनिश्चित्य च पाठमग्र्यम्', म्हणजे निरनिराळ्या प्रांतांच्या पुष्कळ पोथ्या गोळा करून उत्तम पाठ ठरवला. नीलकंठाचं घराणं गोदाकाठच्या कोपरगावचं, तो राहिला काशीला. त्याच्या टीकेबरोबरचा पाठ पुढे मुंबईत छापला गेला आणि उत्तर हिंदुस्थानात, महाराष्ट्रातही, 'महाभारत' म्हणून तोच घरोघर पोचला. नीलकंठाच्या नजरेत 'उत्तम' म्हणजे काहीही न सुटलेला, आणि त्यामुळेच मूळ शोधणाऱ्याला तो अडचणीचा.

असं मिश्रण झालं की शुद्ध वंशवृक्ष काढता येत नाही. सुखठणकरांनी तो हट्ट सोडला आणि मोठ्या शाखांवर भर दिला. उत्तरेची आणि दक्षिणेची अशा दोन मुख्य वाचना, म्हणजे ग्रंथाची दोन प्रादेशिक रूपं. उत्तरेत वायव्येकडची काश्मिरी शाखा आणि मधल्या प्रदेशातली नेपाळी-मैथिली-बंगाली-देवनागरी शाखा. दक्षिणेत तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम. त्यांच्या अनुभवात शारदा पोथ्या सगळ्यांत आटोपशीर, दक्षिणेच्या पोथ्या पसरट, आणि दक्षिणेत त्यातल्या त्यात मल्याळम पोथ्या विश्वासाच्या. काश्मिरी परंपरेचा मुख्य आधार भूर्जपत्रावर लिहिलेलं एक अपूर्ण शारदा हस्तलिखित. ते संस्कृतचे युरोपीय अभ्यासक ब्यूलर यांनी मुंबई सरकारसाठी काश्मिरातून आणलेल्या संग्रहातलं आहे.

आता कसोटी अशी: एकमेकींपासून लांब असलेल्या, देवाणघेवाण होण्याची शक्यता कमी असलेल्या शाखा जिथे जुळतात, तो पाठ जुना. काश्मीर आणि केरळ एकच शब्द देत असतील, तर मधल्या प्रदेशातल्या शंभर पोथ्यांनी वेगळं म्हटलं तरी ते मागे पडतात. आणि एखादं आख्यान मधल्या प्रदेशात आहे, पण काश्मीरमध्येही नाही आणि दक्षिणेतही नाही, असं आढळलं तर? दोन्ही टोकांच्या लेखनिकांनी एकमेकांना न विचारता नेमकं तेच आख्यान गाळलं, असं मानावं लागेल. तेही अशा ग्रंथात की ज्यातलं काही सुटू नये म्हणून लोक धडपडत होते. त्यापेक्षा ते मध्येच कुठेतरी भर पडलेलं असणं पटण्यासारखं. गणपती लेखनिक झाल्याची कथा दक्षिणेच्या पोथ्यांत नाही हे विंटरनिट्झ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दाखवलं होतं. ती परिशिष्टात गेली ती पोथ्यांच्या या साक्षीमुळे. कथा पटते की नाही, हा प्रश्न त्यात कुठे आलाच नाही.

जिथे शाखा जुळतच नाहीत, तिथे संपादक विचारतो: या दोन पाठांपैकी कुठल्यावरून दुसरा तयार झाला असेल? अवघड, ओबडधोबड, व्याकरणात न बसणारा शब्द बदलून सोपा करायला कारण असतं. सोपा शब्द बदलून अवघड करायला सहसा नसतं. म्हणून अवघडाला झुकतं माप. मात्र निव्वळ अर्थहीन अक्षरंही अवघडच दिसतात, तेव्हा हा नियम डोळे मिटून लावला की अर्थ नसलेला पाठ मुख्य संहितेत बसतो. पोथीचं वयसुद्धा एकट्याने निकाल देत नाही: चांगल्या प्रतीवरून काल उतरवलेली नक्कल, वाईट प्रतीवरून तीनशे वर्षांपूर्वी उतरवलेल्या नकलेपेक्षा बरी. आणि सगळ्या पोथ्यांना बाजूला सारून स्वतःच्या तर्काने शब्द बसवणं हा शेवटचा उपाय. सुखठणकरांनी तो फारच जपून वापरला.

द्रौपदीवस्त्रहरणाचा प्रसंग

सभापर्वाचं संपादन येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी केलं. ते १९४४ मध्ये निघालं. त्यातल्या मुख्य संहितेत दुःशासन भर सभेत वस्त्र ओढू लागतो आणि तसंच दुसरं वस्त्र पुन्हा पुन्हा प्रकट होत राहतं. द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा संहितेत नाही. तो तळटिपांत आहे, कारण निरनिराळ्या पोथ्यांत तो निरनिराळ्या रूपांत येतो. वस्त्र कुठून आलं हे संहिता सांगतच नाही.

इथवर वाचून 'कृष्ण आलाच नव्हता हे सिद्ध झालं' असं लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांनी उद्योगपर्व उघडावं. तिथे, याच चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत, कृष्ण म्हणतो की दूर असलेल्या मला द्रौपदीने 'गोविंद' अशी हाक मारली, ते ऋण माझ्या मनातून जात नाही. म्हणजे हाक मारल्याची आठवण जुन्या थरातही आहे. सभापर्वातले ते विशिष्ट श्लोक मात्र मागाहूनचे. अभ्यासक यावर अजून वाद घालतात. पाठचिकित्सा, म्हणजे पोथ्या ताडून पाठ ठरवण्याची ही पद्धत, एवढंच सांगते की अमुक शब्द पोथ्यांच्या परंपरेत किती मागे नेता येतात. प्रसंग घडला का, भक्ताने काय मानावं, हे प्रश्न तिच्या कक्षेत येत नाहीत.

छापील पान कसं वाचायचं

वर मोठ्या अक्षरांत संहिता. एखाद्या शब्दाखाली नागमोडी रेघ असेल, तर तिथे संपादकाला पुरेशी खात्री नाही. आपल्याकडे ही खूण न बघताच श्लोक उद्धृत करायची सवय आहे, आणि नेमक्या वादाच्या जागी ती असते. खाली बारीक अक्षरांत पाठभेद, प्रत्येकापुढे पोथ्यांची चिन्हं: शारदा, काश्मिरी परंपरेच्या देवनागरी प्रती, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम यांना एकेक रोमन अक्षर आणि त्याला क्रमांक. नीलकंठाच्या पाठाला स्वतंत्र चिन्ह आहे, तेव्हा घरातल्या जुन्या छापील पोथीत श्लोक आहे आणि संहितेत नाही असं झालं, तर आधी त्या चिन्हाकडे बघावं. मुख्य मजकुरात न घेतलेल्या ओळी तळटिपेत क्रमांक आणि ताऱ्याची खूण देऊन छापतात. लांबलचक भाग परिशिष्टात जातात.

हा खालचा भागच या आवृत्तीचा प्राण. जुन्या शोधनकार्यात आणि यात फरक पडतो तो इथेच. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी 'प्रतिशुद्ध' केली. पाठांतराने आलेली अशुद्धं त्यांनी शोधून काढली आणि पुढे कुणी आपली ओवी घुसडू नये म्हणून कडक शब्दांत बजावलं. काम मोठंच, मराठीपुरतं तर थोर. पण त्यांच्यासमोर कोणत्या प्रती होत्या आणि त्यांनी काय नाकारलं याची यादी त्यांनी ठेवलेली नाही, त्यामुळे त्यांचा एखादा निर्णय आज तपासता येत नाही. पुण्याच्या आवृत्तीत संपादकाचं न पटणारा वाचक त्याच पानावरच्या पुराव्यातून वेगळी संहिता उभी करू शकतो.

आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाल्यावर या पद्धतीची एक परीक्षाही झाली. काठमांडूचे राजगुरू हेमराज यांच्यामुळे आदिपर्वाची एक जुनी नेपाळी पोथी उपलब्ध झाली, जी पाठ ठरवताना कुणी पाहिलेली नव्हती. सुखठणकरांनी तिच्यावर १९३८ च्या सुमारास स्वतंत्र लेख लिहिला. आवृत्तीत मागाहूनचे ठरवलेले अनेक भाग त्या पोथीतही नव्हते. नव्या पुराव्याने आधीचा अंदाज खरा ठरणं हे मानव्यविद्यांत फार क्वचित इतक्या स्वच्छपणे घडतं.

विषाणू आणि पोथ्या

जीवशास्त्रात विली हेनिग यांनी १९५० मध्ये मांडलेला नियम पोथ्यांच्या अभ्यासकाला परका वाटणार नाही: दोन जीवांची जवळीक ठरवताना जुनी, सगळ्यांकडे असलेली लक्षणं मोजू नका, नव्याने आलेली आणि दोघांतच सामाईक असलेली लक्षणं मोजा. करोना विषाणूच्या सुमारे ३० हजार अक्षरी जनुकसंचात नकलेच्या वेळी पडलेल्या चुकांवरून कुठला प्रकार कुठून निघाला ते असंच लावलं. दोन विषाणूंचे तुकडे एकाच रुग्णात मिसळले की झाड गुंततं, अगदी नीलकंठाने दोन पोथ्या मिसळल्यावर गुंततं तसं.

१९९८ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका लेखात जीवशास्त्रज्ञ आणि साहित्याचे अभ्यासक यांनी मिळून जुना इंग्रज कवी चौसर याच्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या एका प्रकरणाची पंधराव्या शतकातली ५८ हस्तलिखितं घेतली आणि जनुकांसाठी लिहिलेल्या संगणक-प्रणालीतून त्यांचं जाळं काढलं. चौसरची स्वतःची प्रत पक्की नसून काटछाट चालू असलेला कच्चा खर्डा असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता.

यंत्र गट पाडतं, तेही फार वेगाने. पण गटांच्या झाडाला मूळ कुठे लावायचं ते त्याला आपोआप कळत नाही. विषाणूंसाठी बाहेरचा एखादा दूरचा नातलग घेऊन ते ठरवता येतं. महाभारताला तसा बाहेरचा नातलग मिळत नाही. 'राजाला वनात' हे 'राजा वनात'ची दुरुस्ती आहे की उलट, हे भाषा जाणणाऱ्यालाच सांगावं लागतं. आणखी एक अडचण: प्रत्येक फरकाला सारखंच वजन दिलं, तर 'च' आणि 'तु' या संस्कृतातल्या बारीक अव्ययांच्या हजारो किरकोळ अदलाबदलींच्या गोंगाटात एका आख्यानाची भर बुडून जाते. वजन किती द्यायचं हे ठरवताना पुन्हा संपादकाचाच निर्णय आला.

आक्षेप

फ्रेंच अभ्यासक सिल्व्हाँ लेव्ही यांनी सुरुवातीलाच सुचवलं होतं की मूळ शोधायच्या मागे न लागता नीलकंठाचा पाठ छापा आणि खाली भेद द्या. पुढच्या काळातल्या फ्रेंच अभ्यासक माद्लेन बियार्दो यांचा आक्षेप जास्त खोल आहे: जी कथा शतकानुशतकं तोंडी सांगितली गेली, तिला एक लिखित मूळ होतं असं धरायचं कशाला? चिकित्सक संहिता जशीच्या तशी कुठल्याही काळी कुणाच्या पोथीत नव्हती, ही त्यांची तक्रार खरी आहे. आपल्या पाच नकलांतही तेच झालं. सुखठणकरांचा दावाही मर्यादित होता. व्यासांचे मूळ शब्द सापडले असं ते म्हणत नाहीत. हातातल्या हस्तलिखितांवरून जितकं मागे जाता येतं तितकं गेलो, एवढंच म्हणतात. त्या टप्प्याच्या आधी काय होतं यावर पोथ्या मुक्या आहेत.

२२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी काम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा सुखठणकर जाऊन तेवीस वर्षं झाली होती. त्यांच्यानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि मग परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी धुरा वाहिली. एकूण १२५९ हस्तलिखितं तपासली गेली. हरिवंशाचे खंड त्यानंतर निघाले.

आज संहिता संगणकावर फुकट मिळते. क्योटोच्या मुनेओ तोकुनागा यांनी ती टंकित केली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी सुधारली. शोधायला ती फार सोयीची, पण वादात ती उघडून 'श्लोक नाही' म्हणणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं की अशी नुसती संहिता शोधली तर पाठभेद, ताऱ्याच्या ओळी आणि परिशिष्टं हाती लागत नाहीत, नागमोडी रेघाही दिसत नाहीत. श्लोक तिथे सापडला नाही तर छापील खंडाचं तेच पान काढून तळटीप पाहावी. कोणत्या प्रांताच्या किती पोथ्यांत तो आहे, ते तिथे एका ओळीत दिलेलं असतं.